वॉकर सरकार देतं, भिंतीतला धरायचा बार कोण बसवून देणार?

प्रश्न थोडक्यात असा: सासूबाई ७८ वर्षांच्या, गोव्यातल्या पेडणे तालुक्यातल्या गावी जुन्या कौलारू घरात एकट्या राहतात. गेल्या पावसाळ्यात मागच्या दाराच्या पायरीवरून घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं, बांबोळीच्या सरकारी इस्पितळात ऑपरेशन झालं. आता वॉकर घेऊन हळूहळू चालतात. न्हाणी आणि संडास घराबाहेर, मागच्या अंगाला. विचारणाऱ्या सूनबाई म्हापशाला नोकरी करतात आणि शनिवार-रविवारी गावी जातात. कंत्राटदाराने पुढच्या दाराला रॅम्प घालून द्यायचा अंदाज दिला आहे. चुलत दिरांचं म्हणणं, घराला हात लावायचा तर आधी आम्हाला विचारा. आणि मूळ विचारणा ही, की घरात असे बदल करायला सरकारकडून काही मिळतं का, आणि मिळत असेल तर कोणाच्या दारात जायचं.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. टाके काढून झाले, डिस्चार्ज कार्ड हातात आलं, की ते माणूस घरी अंघोळ कशी करणार आणि संडासला कसं बसणार हे बघणं माझं काम. आधी पैशांचं सांगते, मग घराचं. घराचं जास्त सांगणार आहे, कारण तो रॅम्प मला पटलेला नाही.

‘म्हाताऱ्या माणसासाठी घर सुधारायचं आहे’ असं म्हणत अर्ज टाकावा आणि पैसे मिळावेत, अशी एकच खिडकी मला गोव्यात एवढ्या वर्षांत सापडलेली नाही. जे आहे ते तुकड्यातुकड्यांनी आहे. एक तुकडा समाजकल्याणकडे, एक केंद्राकडे, एक पंचायतीत, एक आरोग्य खात्याकडे. प्रत्येकाला आपापला तुकडा द्यायचा असतो आणि घर म्हणून कोणीच बघत नाही. त्यातून एक विचित्र पोकळी तयार झाली आहे: वस्तू मिळते, ती बसवायचे पैसे मिळत नाहीत. हे एकदा ध्यानात घेतलंत की कुठे धावायचं आणि कुठे खिशातून घालायचे हे ठरवणं सोपं जातं.

सासूबाईंना दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे महिन्याला २,००० रुपये बहुधा मिळतच असतील. नसतील तर तो अर्ज पहिला करा. ६० वर्षांवरच्यांसाठी आहे, गोव्यात १५ वर्षांचं वास्तव्य लागतं, समाजकल्याण संचालनालय बघतं. मिळत असेल तर हयातीचा दाखला वेळेवर जातोय ना तेवढं पाहा. पडलेलं माणूस बँकेत जाऊ शकत नाही, दाखला राहतो आणि पेन्शन थांबते, हे मी पुष्कळ घरांत बघते. हे पैसे घरासाठी म्हणून दिलेले नसतात, पण मिस्त्रीची मजुरी बहुतेक घरांत यातूनच निघते. लोक हमखास गोंधळतात ते ‘गृह आधार’मध्ये, त्या योजनेचा घराच्या बांधकामाशी काही संबंध नाही, ती गृहिणींना महिन्याला रोख मदत देणारी योजना आहे.

दुसरा तुकडा केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना, २०१७ पासूनची. दारिद्र्यरेषेखालच्या किंवा महिन्याला १५,००० रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या ज्येष्ठांना साधनं फुकट मिळतात. कानपूरची अलिम्को ही सरकारी कंपनी ती बनवते आणि शिबिरं भरवून देते. लोकांना यातली काठी, चष्मा आणि कानाचं यंत्र एवढंच माहीत असतं. पण यादीत वॉकर आहे, ब्रेक असलेला रोलेटर (चाकांचा वॉकर) आहे, कमोडची खुर्ची आहे, कमोड असलेली चाकाची खुर्चीसुद्धा आहे. तुम्हाला हवी आहे ती कमोडची खुर्ची. शिबिरात तपासणारा माणूस ‘काय होतंय?’ विचारतो, म्हातारी ‘पाय दुखतो’ म्हणते आणि काठी घेऊन घरी येते. सासूबाईंच्या बरोबर कोणीतरी जायलाच हवं, आणि ‘रात्री बाहेरच्या संडासला जाता येत नाही, खाली बसता येत नाही’ हे वाक्य त्याने तिथे बोलायला हवं. आधार कार्ड आणि मामलेदाराकडचा उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा. शिबिराची तारीख कळल्यावर दाखल्यामागे लागलात तर शिबिर निघून जातं. तपासणीचं शिबिर वेगळं आणि वाटपाचं वेगळं असतं, मध्ये महिने जाऊ शकतात. तेवढं थांबणं शक्य नसेल तर कमोडची खुर्ची सरळ विकत घ्या. ती काही फार महाग वस्तू नाही आणि रोज रात्री तिचं काम आहे.

आरोग्याच्या योजनांकडून या कामासाठी अपेक्षा ठेवू नका. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना २०१६ पासून आहे, तीन जणांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाखांचं आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाखांचं कवच देते, पण ते इस्पितळातल्या उपचारांसाठी. म्हणजे खुबा मोडला तर खर्च निघतो, तो परत मोडू नये म्हणून लागणारा लोखंडी बार मात्र कुठल्याच पॅकेजमध्ये बसत नाही. यावर मला संतापायला होतं, पण तो विषय पुढे घेते.

दिव्यांगत्वाचा दाखला काढावा का? ऑपरेशननंतर लगेच नको. उपचार संपून पायाची अवस्था स्थिर झाली की जिल्हा इस्पितळाच्या मंडळापुढे जायचं. त्यावर स्वावलंबन कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, निघतं, आणि ४० टक्के किंवा त्यावर मिळाले तर दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या अ‍ॅडिप योजनेतून साधनांचा आणखी एक रस्ता उघडतो. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, पार्किन्सन्सही त्यात येतो. सासूबाईंचे हात थरथरत असतील, पावलं अडखळत असतील, तर ते वय म्हणून सोडून न देता एकदा दाखवा. हा कायदा प्रवेशसुलभतेबद्दल बरंच बोलतो, पण त्याचा रोख सार्वजनिक इमारतींवर, वाहतुकीवर, सेवांवर आहे. पणजीत २०२३ पासून दिव्यांगांचा पर्पल फेस्ट होतो, त्यासाठी उतरते मार्ग तयार होतात, खुणांची भाषा दिसते, हे सगळं मनापासून आवडतं मला. पण स्वतःच्या घरातली न्हाणी त्या कायद्याच्या नजरेच्या पलीकडे राहते.

बाकीचं पटकन सांगते. स्वच्छ भारतचे संडासासाठीचे १२,००० रुपये ज्यांच्याकडे संडास नाही त्यांच्यासाठी. तुमच्याकडे बाहेर का होईना, आहे, त्यामुळे तिथे फार आशा नाही. प्रधानमंत्री आवास योजना नव्या घरासाठी. तुम्ही गावडा, कुणबी किंवा वेळीप समाजातले असाल तर आदिवासी कल्याण खात्याची अटल आसरा योजना मात्र नक्की विचारा, कारण तिच्यात घरदुरुस्तीला मदत आहे, आणि दुरुस्तीच्या अंदाजपत्रकात संडास आत घेणं, फरशी बदलणं ही कामं घालता येतात. कुठल्याही खात्याचं असो, मंजुरीचा कागद हातात येण्याआधी काम सुरू करू नका. तपासणीला माणूस येतो, आधीची स्थिती बघायला मागतो आणि ती तुम्ही पाडून टाकलेली असते.

आता घर.

रॅम्पचा साधा हिशेब करा. आपल्या जुन्या घरांचं जोतं दोन फूट तरी वर असतं. सुरक्षित उताराचं प्रमाण एकास बारा, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी. दोन फुटांना चोवीस फूट. तुमच्या अंगणात तुळशीपर्यंत चोवीस फूट आहेत का? कंत्राटदाराने आठ-दहा फुटांत बसवला असेल. त्या उतारावर वॉकर माणसाच्या पुढे पळतो, आणि जून-जुलैत त्यावर शेवाळ धरलं की धडधाकट माणूससुद्धा उभा राहत नाही. चाकाची खुर्ची आणि ती ढकलणारा माणूस असेल तर लांब रॅम्पला अर्थ आहे. वॉकरवरच्या माणसाला बुटक्या, रुंद पायऱ्या आणि दोन्ही बाजूंना कठडा हेच बरं.

दुसरं म्हणजे, सासूबाई पुढच्या दाराने दिवसात कितीदा जातात? त्या पडल्या मागच्या दाराला. संडास मागे, न्हाणी मागे, विहीर मागे, शेजारणीशी बोलणं मागच्या गडग्यावरून. येत्या शनिवारी गेलात की काम काढू नका, एक पूर्ण दिवस नुसतं त्यांच्या मागे मागे राहा. कुठे हात टेकतात ते बघा. दाराच्या चौकटीवर, पाण्याच्या टाकीच्या कडेवर, कपडे वाळत घालायच्या दोरीवर. ज्या जागी भिंत हाताच्या मळाने काळपट झाली आहे, तिथे बार हवा आहे. हे निरीक्षण कुठल्याही इंजिनियरच्या नकाशापेक्षा खरं असतं.

बार म्हणजे टॉवेलचा दांडा नव्हे. हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं, कारण दुकानदार दोन्ही एकाच फळीवर ठेवतो. टॉवेलचा दांडा माणसाच्या वजनाने पहिल्याच झटक्याला हातात येतो. व्हॅक्यूमने चिकटणारे बार येतात तेही नकोत. आपल्या दमट हवेत आणि खडबडीत भिंतीवर त्यांचा भरवसा नाही. साधारण दीड इंच जाडीचा स्टीलचा, भिंतीपासून दोन इंच सुटा राहील असा घ्या, म्हणजे मूठ पूर्ण वळते आणि कोपर मध्ये अडकत नाही.

आणि इथेच जुन्या गोमंतकीय घराची खरी अडचण येते. भिंत चिऱ्याची, सांधे मातीचे किंवा चुन्याचे. ड्रिल लावलं की लाल भुगा भसाभसा पडतो आणि भोक हवं त्याच्या दीडपट होतं. त्यात प्लास्टिकचा प्लग ठोकून स्क्रू पिळला तर पहिल्या दिवशी घट्ट वाटतो. पाऊस लागला, चिरा पाणी प्यायला, की महिन्या-दोन महिन्यांत बार हलायला लागतो. हलणारा बार हा बार नसण्यापेक्षा वाईट, कारण माणूस त्याच्यावर विसंबतं. म्हणून मी तीनच पद्धती करून घेते. भिंत आरपार भोक पाडून लांब आट्याचा रॉड घालायचा आणि पलीकडून लोखंडी पट्टी लावून नट आवळायचा. दिसायला ओबडधोबड, पण पक्का. किंवा जाळीची नळी घालून केमिकल अँकर (भोकात घट्ट होणारं रसायन) भरायचा, ज्याला तो वापरलेला मिस्त्री लागतो. किंवा भिंतीचा नादच सोडायचा आणि जमिनीत काँक्रीट करून त्यात उलट्या यू आकाराचा पाइप रोवायचा. तुमची न्हाणी जुनी असेल तर माझं मत तिसऱ्याला. गावचा फॅब्रिकेटर हे काम सहज करतो, गेट बनवतो तसंच आहे. झालं की मिस्त्रीलाच सांगा, दोन्ही हातांनी धरून पूर्ण वजन टाक. तो जरा कचरला तर समजा काम झालेलं नाही.

उंची पुस्तकातून घेऊ नका, सासूबाईंच्या अंगावरून घ्या. त्या सरळ उभ्या राहिल्या, हात सैल सोडला, की मनगटाची घडी जिथे येते ती उंची कठड्यालाही बरोबर आणि काठीलाही. बसायच्या जागेची उंची गुडघ्याच्या मागच्या घडीपासून जमिनीपर्यंत मोजा आणि त्यात दोन बोटं वाढवा. साधारण अठरा-एकोणीस इंच येतं. पलंग, खुर्ची, कमोड तिन्ही तिथे आणा. पलंग बुटका असेल तर पायांखाली खळगा पाडलेले लाकडी ठोकळे द्या. डिस्चार्ज कार्डावर ऑपरेशन कोणतं ते वाचा. खुब्याचा गोळा बदलला असेल तर सुरुवातीचे तीन-एक महिने कंबरेत काटकोनाहून जास्त वाकणं सांभाळायचं असतं, म्हणजे पाट, बुटका मोढा, देशी संडास हे सगळं बंद. सळी किंवा स्क्रू घातले असतील तर पायावर वजन किती टाकायचं याच्या सूचना वेगळ्या असतात. तुमच्या सर्जनने सांगितलेलं धरा, शेजारणीच्या सासूला काय सांगितलं होतं ते नको.

संडासाचं दोन टप्प्यांत करा. आजपासून रात्रीपुरती कमोडची खुर्ची पलंगाजवळ. पुढे, शक्य असेल तर मागच्या पडवीचा एक कोपरा संडास-न्हाणी म्हणून आत घ्या. दार बाहेर उघडणारं हवं. आत उघडणाऱ्या दारामागे माणूस पडलं तर दार ढकलता येत नाही, कौलं काढून आत उतरावं लागतं. आतली कडी बाहेरून उघडता येईल अशी. दाराची मोकळी रुंदी तीन फूट काढा. आपले जुने न्हाणीचे दरवाजे दोन-सव्वादोन फुटांचे, त्यातून वॉकर आडवा करून न्यावा लागतो आणि तिथेच तोल जातो. शोषखड्डा विहिरीपासून किमान ५० फूट लांब ठेवा. आपली जमीन सच्छिद्र, पाणी कुठून कुठे जाईल सांगता येत नाही.

न्हाणीत भाणातलं (पाणी तापवायच्या मोठ्या भांड्यातलं) कढत पाणी तांब्या-तांब्याने काढून बादलीत घालणं हे वाकायचं आणि भाजायचं दोन्ही काम. पांढऱ्या प्लास्टिकच्या खुर्चीचे पाय ओल्या फरशीवर फाकतात, ती न्हाणीत नको. रबराचे बूच असलेलं, रुंद पायांचं स्टूल घ्या, आणि पाणी गरम करायचं काम शेजारणीवर किंवा गिझरवर सोपवा.

पायऱ्यांना पावसाआधी टाकी (दगडाची छिन्नी) लावून घ्या. चिऱ्याच्या आणि घासून गुळगुळीत झालेल्या दगडाच्या पायरीचा पृष्ठ टाकीने खरबरीत केला तर पाय धरतो, आणि हे करणारे कारागीर अजून आहेत. शेवाळ मे अखेरीला ब्लीचिंग पावडर टाकून घासा, पावसात पुन्हा घासायला लागेल. प्रत्येक पायरीच्या कडेला पिवळ्या रंगाचा दोन इंचांचा पट्टा ओढा. मोतीबिंदूच्या डोळ्यांना लाल चिरा आणि लाल माती वेगळी दिसत नाही. आणि कृपा करून मागच्या दारातलं ते गोणपाट उचला. पावसात पाय पुसायला म्हणून प्रत्येक घरात टाकलेलं असतं, एक टोक दुमडलेलं असतं आणि वॉकरचा पाय नेमका त्यात अडकतो.

उंबरठा काढायला सांगितलं की घरात वाद होतो, मी तो करत नाही. उंबऱ्याला हळदकुंकू वाहायचं असतं, त्या बाईने साठ वर्षं वाहिलेलं असतं. दाराच्या दोन्ही अंगांना हातभर उंचीचे उभे बार द्या आणि उंबऱ्याच्या कडेला रंगाचा पट्टा. धरून ओलांडता येतो.

वॉकर दोन ठेवा, एक घरात आणि एक मागच्या पायऱ्यांच्या खाली. एकटं राहणारं माणूस वॉकर हातात घेऊन पायऱ्या उतरू शकत नाही. कठडा धरून उतरायचं आणि खाली दुसरा तयार असायचा. वयोश्रीतून एक मिळाला तरी दुसरा विकत घ्या. पलंगापासून संडासापर्यंत वीज गेल्यावरही पेटणारे बल्ब लावा. आपल्याकडे पहिल्या वळवाच्या सरीला लाइट जाते आणि रात्री लघवीला उठायचं तर उठावंच लागतं.

या सगळ्याचा उपयोग होतो का, असं तुमचे दीर विचारतील. होतो, आणि मोजलेला आहे. घरातले धोके काढण्याच्या प्रयोगांचा एकत्रित आढावा कोक्रेन या संस्थेने २०२३ मध्ये काढला. एकूण पडण्याचं प्रमाण सुमारे २६ टक्क्यांनी कमी झालेलं दिसलं. आणि जे आधी पडलेले आहेत, नुकतेच इस्पितळातून आलेले आहेत किंवा रोजच्या कामांना ज्यांना मदत लागते, त्यांच्यात ३८ टक्क्यांनी. तुमच्या सासूबाई तिन्हींत बसतात. सरसकट सगळ्या म्हाताऱ्यांना वाटण्यापेक्षा एकदा पडलेल्यांच्या घरी आधी जावं, असं मी म्हणते ते यामुळे.

आता तो राहिलेला संताप. २०११च्या जनगणनेत गोव्यातली ११.२ टक्के माणसं साठीच्या पुढची होती, देशात ८.६, आपल्या पुढे होतं ते केरळ. मुलं मुंबई-पुण्याला, आखातात, लंडनला. घरं मोठी, पायऱ्या उंच, राहणारं एकच माणूस. आणि आपली सगळी मदत एक तर बँकेत पडते किंवा शिबिरात वाटली जाते. पेन्शन वाढवली की घोषणा होते, चाकाची खुर्ची वाटली की फोटो येतो. न्हाणीतल्या बारसमोर कोण उभं राहून फोटो काढणार?

दुसरीकडे लोकांनी हे फार आधी सोडवलेलं आहे. जपानमध्ये २००० सालापासूनच्या दीर्घकालीन शुश्रूषा विम्यातून घरातल्या बदलांना दोन लाख येनपर्यंतचा खर्च धरला जातो, माणूस स्वतः त्यातले दहा ते तीस टक्के भरतो. कामांची यादी छोटी आहे: कठडे, उंचसखलपणा काढणं, न घसरणारी जमीन, सरकतं दार, बसायचा संडास. काम करण्याआधी हे कशासाठी हवं याचं लेखी कारण जोडावं लागतं. सिंगापूरने २०१२ मध्ये सरकारी वसाहतींतल्या घरांसाठी अशीच योजना आणली आणि खर्चाचा बहुतांश भाग सरकार उचलतं. इंग्लंडमध्ये स्थानिक कौन्सिल ३०,००० पौंडांपर्यंत देते, उत्पन्न तपासून; तिथे रांग मोठी असते अशी ओरड आहे ती वेगळी. आपल्याला पौंड नकोत. गोव्यात तालुक्याला एक प्रशिक्षित मिस्त्री, एक थेरपिस्ट आणि बार-बोल्टची पेटी एवढ्यावर पुष्कळ काम होईल. बारची किंमत मिस्त्रीच्या रोजाच्या आसपासच असते. अडतं ते घरी जाऊन बघणारं आणि बसवून देणारं माणूस नाही म्हणून. पंचायतीच्या विकास आराखड्यात सामाजिक सुरक्षेचा विषय घेता येतो. रविवारच्या ग्रामसभेला तुम्ही गावी असताच, तर ‘वाड्यावरच्या एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांच्या घरी कठडे आणि बार’ असा ठराव मांडा. निधी कुठून, हा प्रश्न सरपंच विचारतीलच. पण ठराव इतिवृत्तात आला की पुढच्या वर्षी तो परत काढता येतो.

अर्ज कुठेही करायचा असो, त्यासोबत चिठ्ठी लागते, आणि डॉक्टर सहसा लिहून देतात ते ‘वॉकर आणि कमोड आवश्यक’. यावर कोणी हलत नाही. फिजिओथेरपिस्ट किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्टकडून असं लिहून घ्या: ‘वय ७८, उजव्या खुब्याची शस्त्रक्रिया, अमुक तारखेस. अठरा इंचांपेक्षा खालच्या आसनावरून आधाराशिवाय उठता येत नाही. वॉकरने सपाट जमिनीवर चालतात, पायरी एकट्याने उतरता येत नाही. संडास घराबाहेर, मध्ये तीन पायऱ्या, कठडा नाही. एकट्या राहतात. मागील वर्षी याच ठिकाणी पडून अस्थिभंग. कमोड खुर्ची, पायऱ्यांना दुहेरी कठडा व न्हाणीत जमिनीवर रोवलेला बार यांची गरज आहे.’ बाजू, पायऱ्या, तारखा तुमच्या असतील त्या घाला. काय जमत नाही आणि त्यामुळे काय होतं हे त्यात आलं पाहिजे, नुसती वस्तूंची यादी नको. सोबत पायरीचा आणि संडासाच्या दाराचा फोटो, टेप धरून.

शेवटी तुमचे चुलत दीर. एक-चौदाच्या उताऱ्यावर (गोव्यातला सातबारा म्हणा) दहा नावं असणं आपल्याकडे नवीन नाही. पण घराच्या आत बार बसवणं, फरशी खरबरीत करणं, पायरीला कठडा, दार फिरवणं यात घराचा आकार बदलत नाही, हे त्यांना शांतपणे सांगा. जोतं वाढवलं, छप्पर उचललं किंवा बाहेर नवी खोली काढली की पंचायतीचा परवाना आणि सहमालकांची संमती हे प्रश्न उभे राहतात. म्हणूनच संडास आहे त्या पडवीत घ्या असं मी म्हणाले. कामाआधी पंचायत सचिवांना एकदा विचारून घ्या आणि घरपट्टीची पावती जवळ ठेवा, मात्र ती मालकीचा पुरावा नसते. जमीन भाटकाराची (जमीनमालकाची) आणि तुम्ही मुंडकार, म्हणजे त्याच्या जमिनीत घर करून राहणारे, असाल तर १९७५च्या मुंडकार कायद्याने राहत्या घराला संरक्षण आहे, तो वेगळा अर्ज मामलेदाराकडे. आणि दिरांना ठाऊक असेलच, पण नसेल तर: गोव्याच्या नागरी कायद्यात वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायकोच्या मालमत्तेत बायकोचा अर्धा वाटा असतो. सासऱ्यांचा त्या घरात जो हिस्सा होता, त्यातला अर्धा सासूबाईंचा स्वतःचा आहे, वारसा म्हणून नव्हे, मालकीण म्हणून. इन्व्हेंटरी (वारसांमधल्या वाटणीची कायदेशीर प्रक्रिया) झालेली नसेल तर ती करून घ्यायला वकिलाकडे जा, पण त्याला वेळ लागेल. कठड्याचं काम त्यासाठी अडवू नका. मे संपायच्या आत फॅब्रिकेटरला मापं द्या.